पिल्सनर कडू हवीच, पण किती?



आजचा विषय जरा वेगळा आहे. रमवर आपण सगळेच अधिकारवाणीने बोलतो. सियाचीनच्या गोष्टीत रम असते, पलटणीच्या बडाखान्यात रम असते, सर्दी झाली तरी रमच आठवते. बिअरचं मात्र तसं नाही. मेसमध्ये रविवारी दुपारी करी लंचच्या आधी घ्यायची, उन्हाळ्यात क्रिकेट मॅचनंतर घ्यायची, यापलीकडे तिचा कुणी विचार करत नाही. 'थंड आहे ना? मग झालं!' एवढीच आपली कसोटी. माझी तक्रार नेमकी इथून सुरू होते.

मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचं की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येईल. पिल्सनर नावाची बिअर कडू असायलाच हवी. ज्याला कडूपणा सोसत नाही त्याने खुशाल दुसरं काही प्यावं. पण लेबलवर 'पिल्सनर' छापून आत गोडसर पिवळं पाणी भरू नये. आणि दुसऱ्या टोकाला, कडूपणाची शर्यत लावून पिल्सनरचा काढाही करू नये.

हा दारूचा प्रचार नाही. जे घेत नाहीत त्यांनी हे वाचून सुरू करू नये. जे घेतात त्यांनी काय घेतो ते समजून घ्यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आता थोडा इतिहास. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया भागात पिल्झेन नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांना मद्य गाळायचा हक्क शेकडो वर्षांचा. पण माल इतका बेभरवशाचा निघायला लागला, की १८३८ साली गावकऱ्यांनी ३६ पिंपं खराब बिअर थेट टाऊन हॉलसमोर ओतून दिली. आपल्याकडे शेतकरी रस्त्यावर दूध ओततात, तशातलाच प्रकार. मग गावाने मिळून नवी ब्रुअरी उभारली आणि शेजारच्या बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा ब्रुअर आणला. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिला घाणा काढला आणि नोव्हेंबरात ती बिअर लोकांपुढे आली. तोपर्यंत युरोपातल्या बहुतेक बिअर काळपट, तपकिरी, गढूळ असायच्या. ही सोनेरी होती, आरपार दिसणारी, वर पांढराशुभ्र फेस.

ग्रोलने काही जादू केली नाही. चार गोष्टी एकत्र आणल्या. इंग्रजी पद्धतीने हलक्या आचेवर सुकवलेलं फिकट बार्ली मॉल्ट, बव्हेरियातलं थंडीत काम करणारं यीस्ट, पिल्झेनचं अगदी मऊ पाणी आणि जवळच्या जातेत्स परिसरातले हॉप्स. या हॉप्सना जर्मन नावाने जग 'साझ' म्हणतं. तिथल्या हॉप्सच्या मळ्यांना आणि गोदामांना २०२३ साली युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलं. म्हणजे एखाद्या पिकाचा केवढा मान, बघा!

हॉप्स म्हणजे काय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ही भांगेच्या कुळातली एक वेल आहे. घाबरू नका, नशेशी हॉप्सचा संबंध नाही. नशा येते ती धान्याच्या साखरेतून होणाऱ्या अल्कोहोलची. वेलीच्या मादी फुलांचे हिरवे, खवल्या-खवल्यांचे बोंड असतात. त्यात पिवळी चिकट पूड असते. ती उकळत्या रसात तासभर राहिली की कडूपणा देते. उकळी संपत आल्यावर टाकली तर कडूपणा कमी आणि वास जास्त देते. आपण फोडणीत हिंग आधी घालतो आणि कोथिंबीर शेवटी भुरभुरवतो, तोच हिशेब. शिवाय हॉप्समुळे बिअर टिकते आणि फेस धरते.

हे कडूपणाचं मोजमापही आहे. त्याला आयबीयू म्हणतात. ढोबळमानाने एक आयबीयू म्हणजे एक लिटर बिअरमध्ये हॉप्सपासून आलेलं एक मिलिग्रॅम कडू द्रव्य. बिअरच्या स्पर्धांत परीक्षक जी मार्गदर्शिका वापरतात तिच्यात चेक पद्धतीच्या उंची फिकट लागरला ३० ते ४५, जर्मन पिल्सला २२ ते ४०, जगभर सगळीकडे मिळणाऱ्या साध्या फिकट लागरला १८ ते २५ आणि अमेरिकन लागरला ८ ते १८ असे आकडे दिले आहेत. हे आकडे डोळ्यांपुढे ठेवा. आपल्या दुकानांत जे हिरव्या-सोनेरी लेबलांखाली विकलं जातं, ते चवीला बहुतांशी शेवटच्या दोन पायऱ्यांवर बसतं.

आता कुणी म्हणेल, नावात काय आहे? फौजेत राहिलेल्या माणसाने तरी हे म्हणू नये. दंडावरची फीत कमवावी लागते. लान्स नायकाने हवालदाराच्या तीन फिती लावून फिरायचं म्हटलं तर सुभेदार मेजर साहेब दुसऱ्या पावलाला थांबवतील. पिल्सनर हीसुद्धा एक फीतच आहे. पिल्झेनकरांनी आपलं नाव वाचवायला कोर्टकचेऱ्या केल्या, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत निकाल असा लागला, की पिल्सनर हे आता गावाचं नाव उरलं नसून बिअरच्या प्रकाराचं नाव झालं आहे. म्हणून मूळ ब्रुअरीने 'उर्केल', म्हणजे मूळ झरा, हा शब्द आपल्या नावाला जोडला. चेक लोक मात्र आजही पिल्झेनबाहेरच्या बिअरला पिल्सनर म्हणत नाहीत. ते तिला 'फिकट लागर' म्हणतात. देवगडचा नसलेला आंबा हापूस म्हणून विकला की आपल्याला राग येतो. त्यांचा राग त्याच जातीचा आहे.

आमची लेक म्युनिकला नोकरीला आहे. तिथून प्रागला जाणारी रेल्वे पिल्झेनला थांबते, त्यामुळे तिच्याकडे गेलो असताना एक दिवस वाकडी वाट केली. ब्रुअरीच्या जुन्या दगडी कमानीतून आत जायचं, तांब्याची भलीमोठी भांडी बघायची आणि शेवटी जमिनीखालच्या थंडगार भुयारांत उतरायचं. तिथे ओकच्या पिंपातून थेट ग्लासात, न गाळलेली, पाश्चराइझ न केलेली बिअर देतात. पहिला घोट घेतला. आधी पावाच्या कडेसारखी खरपूस, किंचित गोड चव. मग मागून कडूपणा आला, चांगला ठसठशीत. आणि गंमत म्हणजे तो जिभेवर मुक्काम ठोकून बसला नाही. आला, काम केलं, निघून गेला. आणि दुसऱ्या घोटाची जागा मोकळी करून गेला. सौभाग्यवती कारल्याची भाजी आवडीने खाणाऱ्यांपैकी, त्या म्हणाल्या, "ही कडू आहे, पण त्रास देत नाही." यापेक्षा चांगलं परीक्षण मी कुठे वाचलेलं नाही.

उर्केलचा कडूपणा साधारण ४० आयबीयूच्या आसपास असतो आणि अल्कोहोल फक्त ४.४ टक्के. तरी ती बोचत का नाही? याचं उत्तर पाण्यात आणि धान्यात आहे. पिल्झेनच्या पाण्यात क्षार फारच कमी. पाण्यात सल्फेट जास्त असेल तर हॉप्सचा कडूपणा टोकदार लागतो. मऊ पाण्यात तोच कडूपणा गोलाईने येतो. शिवाय तिथे धान्याच्या रसाचा काही भाग वेगळा काढून उकळतात आणि परत मिसळतात, आणि हे एकदा नाही, तीनदा करतात. त्यामुळे अंगात भरीवपणा येतो. थोडी साखर यीस्टने न खाता शिल्लक राहते. म्हणजे ४० चा कडूपणा पेलायला तेवढाच भक्कम खांदा खाली आहे.

उत्तर जर्मनीची येवर याच्या उलट आहे. समुद्राजवळच्या फ्रिसलंडमधली ही बिअर अंगाने सडपातळ, कोरडी. साखर जवळजवळ शिल्लक नाही. कडूपणाचा आकडा उर्केलच्या जवळपास, पण जिभेवर तो धारदार लागतो. आपल्या जाहिरातीतही ती 'कडवट' हा शब्द अभिमानाने मिरवते. मला ती आवडते, पण हिवाळ्यात आणि एकच.

म्हणून नुसता आकडा सांगून भागत नाही. पाठीवर २५ किलोचं ओझं दिलं हे सांगताना जवान कोण आहे आणि चढ किती आहे हेही सांगावं लागतं. पिल्सनरमध्ये कडूपणा धान्याच्या तोडीस तोड हवा, किंचित पुढे हवा, आणि घोट गिळल्यावर स्वच्छ निघून जायला हवा. हे जमलं तर ३० सुद्धा पुरे. हे जमलं नाही तर २५ सुद्धा जास्त.

आवडीच्या यादीत माझ्या आणखी दोन आहेत. एक, चेक सरकारच्या मालकीची बुडेयोव्हित्सेची बुडवर. हिचं आणि अमेरिकन बडवायझरचं नावावरून भांडण जगप्रसिद्ध आहे. हीसुद्धा अख्ख्या साझ बोंडांवर बनते, पण उर्केलपेक्षा मवाळ. ज्याला कडूपणाची सवय करायची आहे त्याने हिच्यापासून सुरुवात करावी. दुसरी, ब्लॅक फॉरेस्टमधली रोटहाउस. १७९१ पासूनची ही ब्रुअरी बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य सरकारच्या मालकीची. सरकारी कारखान्यातून इतका नेटका माल निघतो हे पाहून मला फार बरं वाटलं, कारण आमची सगळी उमर सरकारी मालावर गेली!

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानात बिअर आली ती फौजेबरोबर. आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, ही गोऱ्या सैनिकांसाठी खास शोधली असं सगळे सांगतात. तेवढं सरळ नाही. गरम मुलखात जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घालायचे, म्हणजे ती खराब होत नाही, हे इंग्लंडच्या ब्रुअरांना अठराव्या शतकातच ठाऊक होतं. आणि पेल एल प्यायचे ते बहुतेक अधिकारी आणि साहेबलोक. बराकीतला साधा टॉमी काळी पोर्टर प्यायचा. म्हणजे मेसचा आणि लंगरचा फरक तेव्हाही होता. पुढे एडवर्ड डायर यांनी कसौलीत ब्रुअरी काढली, ती नंतर सोलनला गेली. शिमल्याच्या वाटेवर सोलनचं नाव घेतलं की जुन्या लोकांना आजही लायन आणि गोल्डन ईगल आठवते. १९४९ साली नरेंद्रनाथ मोहन यांनी तो कारभार घेतला आणि १९५४ साली तिथल्याच घराण्यातून ओल्ड मंक आली. तिच्याबद्दल मी नव्याने काय सांगणार!

पोस्टिंगच्या निमित्ताने देशभराची बाटली पाहिली. जम्मूत देवन्सची गॉडफादर, सिक्कीममध्ये डॅनी डेन्झोंग्पांच्या युक्सम ब्रुअरीची डॅन्सबर्ग, बंगालात कल्याणी ब्लॅक लेबल. बेळगावला असताना चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलो की किंग्जची ती बुटकी बाटली. तिच्या लेबलवर 'पिल्सनर' हा शब्द होता. समुद्राकाठी, तळलेल्या मांदेलीबरोबर ती गोड वाटायची. पण त्या आनंदात समुद्र किती आणि बिअर किती, हे प्रामाणिकपणे वेगळं करायला हवं. कडूपणाच्या हिशेबात ती पिल्झेनची चुलत-चुलत बहीण होती.

आणि एक पोस्टिंग लाहौलची. अटल बोगदा २०२० साली सुरू झाला. त्याआधी रोहतांग ओलांडूनच तिकडे उतरावं लागायचं. चंद्रा आणि भागा या दोन नद्या तांदीला भेटतात, तिथून केलाँग, पुढे दारचा. त्या खोऱ्यात बटाटा आणि मटारच्या शेतांमध्ये मधूनच उंच खांब, त्यांवर तारा आणि तारांवर चढलेल्या हिरव्या वेली दिसायच्या. आमच्या गाडीतला एक जवान म्हणाला, "साहेब, ही द्राक्षं इथे कशी?" नाशिकचा होता, त्याला दुसरं काय आठवणार! ती द्राक्षं नव्हती, हॉप्स होते. भारतात हॉप्स पिकणारा हा जवळजवळ एकमेव मुलूख. उन्हाळ्यात लांब दिवस, कोरडी हवा आणि थंड रात्री या वेलीला लागतात, त्या तिथे आहेत. १९७० च्या दशकापासून लाहौली शेतकऱ्यांनी हे पीक घेतलं. सहा महिने बर्फात जगापासून तुटलेल्या माणसाला वाळवून ठेवता येणारं, वजनाला हलकं आणि पैशाला बरं असं पीक मिळालं होतं.

आज ते क्षेत्र बरंच आटलं आहे. लोक मटार, फ्लॉवर अशा भाज्यांकडे वळले. त्यांना दोष देता येणार नाही, पोट प्रत्येकाला आहे. पण जरा विचार करा. इतका मोठा बिअर पिणारा देश आणि हॉप्सच्या आपल्याच खोऱ्याला गिऱ्हाईक पुरत नाही. याचं एक कारण परदेशी स्वस्त माल हे आहेच. दुसरं कारण आपल्या जिभेत आहे. बिअरमध्ये हॉप्स जाणवायलाच नकोत असं गिऱ्हाईकाचं म्हणणं असेल, तर चिमूटभर हॉप्समध्ये अख्खी टाकी निघते. मग पिकवणाऱ्याने कुणासाठी पिकवायचं?

आता मुद्द्याचं, आणि जरा जड. आपल्या देशात बिअर म्हणजे बहुतांशी स्ट्राँग बिअर. सरकारी मानकांप्रमाणे ५ टक्क्यांच्या वर ८ टक्क्यांपर्यंत ती स्ट्राँग. अनेक ठिकाणी कर लावताना बाटलीत अल्कोहोल किती यापेक्षा बाटली किती मोठी हे बघितलं जातं. मग गिऱ्हाईक म्हणतं, तेवढ्याच पैशात जास्त 'किक' बसते ना? द्या स्ट्राँग! आणि ही स्ट्राँग हॉप्सने नाही, साखरेने आणि अल्कोहोलने भरलेली असते. कडूपणा कमी ठेवायचा, थंडगार करायची, म्हणजे घसा न अडता खाली उतरते.

आता फौजी हिशेब करू. रमचा लार्ज पेग ६० मिलिलिटरचा, त्यात अल्कोहोल ४२.८ टक्के. म्हणजे शुद्ध अल्कोहोल साधारण २६ मिलिलिटर. आता ६५० मिलिलिटरची ८ टक्क्यांची बाटली घ्या. त्यात ५२ मिलिलिटर. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर दोन लार्ज. याउलट ४.४ टक्क्यांच्या पिल्सनरचा ३३० मिलिलिटरचा एक ग्लास घ्या. त्यात साडेचौदा, म्हणजे एका स्मॉलपेक्षा किंचित जास्त.

आमच्या युनिटमधले एक हवालदार निवृत्त होऊन सातारा जिल्ह्यात गावी गेले. उत्तम नेमबाज, निर्व्यसनी म्हणावेत इतके साधे. गावी गेल्यावर संध्याकाळ खायला उठायची. रोज दोन बाटल्या स्ट्राँग. घरचे बोलले की म्हणायचे, "दारू कुठे पितोय? बिअरच तर आहे." त्यांना कुणी सांगितलं नाही, की ते रोज चार लार्ज घेत होते. पलटणीत असताना चार लार्ज त्यांनी महिन्यातही घेतले नसतील. लिव्हरने दगा दिला. आम्ही गेलो तेव्हा फोटोला हार होता. त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांनी विचारलं, "साहेब, बिअरनं असं होतं का हो?" मी काय उत्तर देणार होतो?

पिल्सनर प्यायले असते तर वाचले असते, असं मी म्हणत नाही. कडू बिअर औषध नाही आणि ज्याला व्यसन लागलंय त्याला ब्रँड बदलून नाही, डॉक्टरांकडे जाऊन मदत होते. पण एक गोष्ट नक्की सांगतो. चवीसाठी पिणारा माणूस आणि किकसाठी पिणारा माणूस वेगळ्या वेगाने पितात. चांगला कडू घोट घाईत रिचवता येत नाही. तो थांबवतो. जिभेला विचार करायला लावतो. एका ग्लासावर तासभर गप्पा होतात. गोडसर स्ट्राँग बिअरचा सगळा बेत तुम्ही थांबू नये असाच असतो. म्हणून हॉप्स किती हवेत हा मला निव्वळ शौकिनांचा प्रश्न वाटत नाही.

याच्यावर आक्षेप मी ऐकलेत. पहिला, "आपल्या तिखट जेवणाबरोबर कडू बिअर चालत नाही." यात तथ्य आहे. तांबड्या रश्श्याचा जाळ आणि ४० आयबीयू एकत्र आले की दोघंही भांडतात. माझं उत्तर असं, की रश्श्याबरोबर ताक प्या! पिल्सनर तळलेल्या माशाबरोबर, शेंगदाण्यांबरोबर, सुक्या मटणाबरोबर घ्यावी. तेल आणि चरबी धुऊन काढण्यात कडूपणासारखा गडी नाही.

दुसरा आक्षेप, "आपल्या माणसाला कडू आवडत नाही." हे मला मुळीच पटत नाही. कारल्याची भाजी आपली, मेथी आपली, आणि नव्या वर्षाची सुरुवात कडुनिंबाचा पाला गुळाबरोबर खाऊन करणारी माणसं आपण. कडूपणा नको असतो तो एकटा. गुळाच्या सोबतीने आला की आपण तो पाडव्याला हात पुढे करून घेतो. पिल्सनरमध्ये मॉल्ट म्हणजे तो गूळ आहे.

तिसरा आक्षेप उलट्या बाजूने, तरुण मंडळींचा. पुण्या-बेंगळुरूच्या मायक्रोब्रुअऱ्यांमध्ये बसणारी ही मुलं म्हणतात, "अंकल, ४० काय घेऊन बसलात, आम्ही ७० ची आयपीए पितो." प्या बापांनो. पण ती आयपीए आहे. पिल्सनरमध्ये आंबा, संत्रं, पेरू असा वास मारणारे अमेरिकन हॉप्स कोंबणं म्हणजे साध्या वरणात गरम मसाला घालणं. साधं वरण सोपं नसतं. डाळ, हळद, हिंग, मीठ, तूप, एवढंच. कुठे लपायला जागा नाही. डाळ जुनी असेल तर पहिल्या घासाला कळतं. पिल्सनरचं तसंच आहे. इटलीत १९९६ पासून टिपोपिल्स नावाची एक पिल्स निघते. तिच्यात बिअर तयार होताना थंडपणे आणखी हॉप्स भिजवतात. त्याला माझी हरकत नाही, कारण कडूपणा आवाक्यात ठेवून फक्त सुवास वाढवला आहे, आणि तोही फुला-गवताचा. तूप जरा जास्त घातलं, इतकंच.

तर माझा आकडा. आपल्या हवेला आणि जेवणाला ३० ते ३५ आयबीयू, अल्कोहोल पाचच्या आत, अंगात भरपूर मॉल्ट. २५ च्या खाली असेल तर लेबलवर साधं 'लागर' लिहा, त्यात कमीपणा नाही. ४५ च्या वर गेलात तर दुसरं नाव शोधा. आणि बाटलीवर अल्कोहोलचा टक्का छापता तसा कडूपणाचा आकडाही छापा. गिऱ्हाईकाला कळू द्या.

पिणाऱ्यांसाठीही दोन स्थायी आदेश. एक, बिअर उन्हात ठेवू नका. हॉप्सच्या कडू द्रव्यावर प्रकाश पडला की उग्र, कुबट वास येतो. तपकिरी काच बरीच वाचवते. हिरवी आणि पांढरी काच दिसायला छान, पण कामाची नाही. एका स्टेशनच्या कॅन्टीनमागे मे महिन्यात भर उन्हात रचलेली क्रेट मी पाहिली आहेत. त्यानंतर लोक म्हणायचे, "या बॅचमध्ये ग्लिसरीन जास्त आहे," आणि बाटली उलटी करून पाण्यात धरायचे. ग्लिसरीनचा त्यात काही संबंध नसतो. सूर्याचा असतो. दोन, बर्फासारखी गार करू नका. पाच ते सात अंश पुरे. जीभ बधिर झाली तर चांगली आणि वाईट बिअर सारखीच लागते. वाईट माल विकणाऱ्याला तेच हवं असतं.

आणि ग्लास हातात असेल त्या संध्याकाळी गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात असावी. हा आदेश नाही, विनंती आहे.

पुढच्या वेळी कॅन्टीनच्या खिडकीशी उभे राहाल तेव्हा स्ट्राँगऐवजी माइल्ड मागून बघा. नसेल तर मागणी नोंदवा. मागणी वाढली की माल येतो, हे आपल्याला क्वार्टरमास्टरने शिकवलंच आहे. एखाद्या दिवशी लाहौलच्या बोंडांवर बनलेली, ३२ आयबीयूची, साडेचार टक्क्यांची देशी पिल्सनर त्या खिडकीतून माझ्या हातात आली, तर मी पहिली बाटली त्या हवालदारांच्या वडिलांसमोर नेऊन ठेवणार नाही, तेवढी हिंमत माझ्यात नाही. पण त्यांच्या नातवाला, जो आता पलटणीत भरती झालाय, समोर बसवून हे सगळं गणित नक्की समजावून सांगेन.

जय हिंद!